आकडा पुरे

मार्चअखेर. रामबागेतल्या आमच्या शाळेत
पंखा गरगरतो, आणि कागद उडू नयेत म्हणून
प्रत्येकीनं आपापला डबा ठेवलाय प्रगतिपत्रकांवर.
माझ्या डब्यात पोहे. वरची शेव आता मऊ पडली असेल.

भोपाळहून तक्ता आलाय:
ज्यांचे गुण वीसहून जास्त उतरले
त्यांच्या नावापुढे कारण लिहा.
शब्द नकोत, आकडा पुरे.
एक, गैरहजेरी. दोन, आजारपण.
तीन, घरची परिस्थिती. चार, भाषेची अडचण.
पाच, अभ्यासात रस नाही.
सहा, इतर.

भालचंद्र खरगोणकर, सहावी ब.
अठ्ठ्याहत्तरावरून एक्केचाळीस.

पहिल्या तासाला तो झोपतो, हे मला ठाऊक आहे.
दुसऱ्या तासाला झोपलो नव्हतो असं दाखवतो, हेही.
त्याची आई दारातच बोलली होती.
आत या म्हणाली नाही, आत कणसांची पोती होती.
"ह्यांचे हात थरथरतात, मॅडम.
मग भुट्टे कोण किसणार?"
सराफ्यात सोन्याची दुकानं शटर ओढतात
तेव्हा ह्याचा दिवस उजाडतो,
आणि दीडला, पातेली घासून झाली की, मावळतो.
म्हणजे तीन.
पेन टेकलंसुद्धा होतं मी.

पण त्याच घरातून त्याची थोरली येत होती, शर्वाणी.
तोच ठेला, अंगठ्यावर तोच किसणीचा ओरखडा,
आणि ती वर्गात पहिली.
उपाध्ये सर तिला मधल्या सुट्टीत
स्टाफरूमच्या बाकावर झोपू द्यायचे.
पाय न वाजवता चालायचे स्वतः.
आम्ही हसायचो.
सर निवृत्त झाले. बाकाच्या जागी आता प्रिंटर आहे.

मग मी त्याची वही काढली. गणिताची.
दसऱ्यापर्यंत अक्षर सरळ, समासाला रेघ,
उत्तराखाली दोन रेघा.
सतरा ऑक्टोबर. अपूर्णांकांची वजाबाकी, चुकलेली.
खाली लाल शाईत, वळणदार:
तुझ्याकडून हीच अपेक्षा होती.

पुढचं पान कोरं.
त्याच्या पुढचंही.

अक्षर माझं आहे.
मला काही आठवत नाही.
काय झालं होतं त्या दिवशी? डोकं दुखत होतं?
गॅस संपला होता? बावन्न वह्या होत्या,
एकावन्न तरी मी नीट तपासल्या असतील.
अशा सबबी पोरांनी सांगितल्या
की मी पाच लिहिते.

शनिवारी रात्री सराफ्यात गेले. एकटी, पहिल्यांदाच.
तुपाचा धूर, गरम जिलेबी, रेटारेटी,
कुणाचं तरी लेकरू खांद्यावर पेंगलेलं.
भालूनं माझ्याकडे पाहिलं नाही.
द्रोण भरला, खोबरं भुरभुरलं, कोथिंबीर,
आणि लिंबू पिळता पिळता म्हणाला,
"तिखट नाही घातलं.
खडूनंसुद्धा खोकला येतो तुम्हाला."

नोट घेतली. सुटे पैसे मोजले नाहीत,
नुसते बोटांनी ओळखून दिले.
एका बंद पेढीच्या पायरीवर उभी राहून मी खाल्लं.
नऊ महिने हा पोरगा मला बघत होता.
मला त्याच्यातलं विचाराल
तर हजेरी क्रमांक तेवीस. आणि झोप.

तक्ता सोमवारी द्यायचाय.
बाकीच्या बाया आपापले डबे उचलून गेल्या,
दोघीतिघींचे आकडे एकमेकींचे बघून लिहिलेले.
'इतर'पुढे जागा आहे, दीड बोट असेल.
माझं आडनाव लांब आहे,
पण बारीक अक्षरात लिहिलं तर मावेल.
लाल पेनाचं टोपण मी काढते, लावते,
काढते.