अकरा आणि बावीस

औरंगाबादच्या डॉ. तस्नीमनं कागदावर दोन काड्या काढल्या,
एक अकरा नंबरची, एक बावीसची,
शेंडे कापून एकमेकींना लावले.
"काही हरवलेलं नाही. फक्त जागा बदलल्यात."

मला पटकन कळलं.
परभणीत सतरा वर्षं मी फर्मे जुळवते.
एकदा भूमितीत शिवली गेली इतिहासाची सोळा पानं
आणि इतिहासात भूमितीची.
दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर सगळं आहे.
पण पोरगं दुकानातून एकच नेतं.

तीन गेली.
तिसरं मानवत रोडच्या पुढं, गाडीतच.
"कामून राहीना गं?" जावेनं विचारलं
भाकरी उलटताना. वाईट मनानं नव्हे.

आता सुया.
बेचाळीस डिग्रीत लाइट जाते,
म्हणून डबा ठेवलाय कोपऱ्यावरच्या डेअरीत, श्रीखंडाच्या मागं.
तिथला पोरगा रोज विचारतो,
"काकू, शुगर लई वाढली का?"
लई, म्हणते मी.

"पिकताना बीज आपलं अर्धं बाहेर टाकतं,
बारका ठिपका, त्याच्याच कवचाखाली.
पुढं तो कामाचा नसतो. तो आम्ही उचलतो.
काय गेलं ते बघितलं
की आत काय उरलं ते कळतं."
कटिंग मशीनखालच्या कातरणीवरून
मी सांगते पुस्तक किती तिरकं कापलंय.
मी मान हलवली.

मुंजाजी बाहेर बाकावर, थर्मास मांडीवर.
त्याचं अजून काही लागलेलंच नाही यात.
अजून कोणीच नाही.
फक्त मी, नऊ ठिकाणी.

फोन दुसऱ्या दिवशी आला.
हाताला खळ, म्हणून स्पीकरवर.
नवातली सात पिकलेली. सातातलं एक बरोबर.
"पण एक सांगते," डॉक्टर म्हणाल्या,
"ते अगदी सरळ असेल, नाहीतर तुमच्यासारखं,
अदलाबदल झालेलं पण पूर्ण.
या तपासणीत तेवढं कळत नाही."

माझ्यासारखं चालेल, मी म्हणाले.
जरा मोठ्यानंच म्हणाले असेन,
मुंजाजीनं दाभण खाली ठेवला.

फोन बंद झाल्यावर त्यानं विचारलं,
"किती म्हणल्या? एक?"
एक.

खळ वाळत चालली होती.
पुठ्ठा लावून घेतला.