मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस

तुर्भ्याच्या गोदामातून आलं ते,
जुन्या पंख्याच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पंचनाम्यात नोंद: शिंग, नग एक, वजन दीड किलो.

बोरगे मॅडम म्हणाल्या, टोकं मोजा.
मोजली. सहा.
उरलेली सहा कुठे आहेत
याला रजिस्टरात रकाना नाही.

प्राणी: बारशिंगा.
आढळ: दलदल, उंच गवत.
एवढं लिहून मी खिडकीबाहेर पाहिलं.
ऐरोलीच्या खाडीला ओहोटी लागली होती,
चिखल उघडा पडून चकाकत होता.

मॅडमच्या पुस्तकात त्याच्या खुरांचं चित्र आहे.
चिखलात पडताच
खूर फाकतात, रुंद होतात,
जनावर बुडत नाही.

माझ्या आयेचे पाय असेच.
घणसोलीच्या खाडीत निवट्या धरताना म्हणायची,
'चिखलान पाय रोवाचा नाय रं, पसरवाचा.'
फताडी बोटं, एकेक वेगळं,
कुठल्याच चपलेत न मावणारी.
त्या चिखलावर रात्री डंपर यायचे, दिवे विझवून.
सकाळी खाडी हातभर मागे.
आता आये चौथ्या मजल्यावर राहते
आणि गुळगुळीत फरशीवर घसरते.

मध्य प्रदेशात काही बारशिंगे
कडक जमिनीवर जगायला शिकले, असं पुस्तक म्हणतं.
किती पिढ्या लागल्या, ते म्हणत नाही.

शिंगाच्या बुडाशी अंगठा फिरवायचा असतो.
खरखरीत, फुगीर कडं लागलं तर ते आपोआप झडलेलं;
जनावर पुढे चालत गेलं,
पुढच्या साली नवं फुटलं असेल.
कवटीचा तुकडा लागला
तर नाही.

मी अंगठा फिरवला.
बूड करवतीनं सपाट कापलेलं,
पितळी चकती बसवायला दोन भोकं.

कायद्याला दोन्ही सारखंच.
मॅडम म्हणाल्या, गुन्हा तोच, कलम तेच, पुढचं घ्या.

पुढचं घेतलं नाही लगेच.
तिसऱ्या फाट्याच्या बेचक्यात, पॉलिश पोचलं नव्हतं तिथे
काळपट काही सुकून बसलं होतं.
मुद्देमाल पुसायचा नसतो.
नाक जवळ नेलं.
वास नाही.
चिखलाला वास यायलाही पाणी लागतं.

शेरा या रकान्यात सहसा काही लिहीत नाहीत.
मी लिहिलं:
चिखल, किंचित.