माशासाठी माशी

जिंतूरच्या स्टँडसमोर माझं घड्याळाचं दुकान,
म्हणजे एक खोकं, एक काच आणि मी.
लोक आता वेळ मोबाईलला विचारतात.
दिवसाला एखादा सेल, आठवड्याला एखादा पट्टा.
मग दुपारी डोळ्याला भिंग अडकवून
त्याच चिमट्यानं, त्याच श्वास धरून
मी गळावर केस बांधतो.

केस कुणाचे म्हणाल, तर
मेहरूनच्या बोकडाच्या दाढीचे,
रसवंतीमागच्या काळ्या कुत्र्याचे
(तो झोपलेला असताना, पण विचारून),
आणि औंढा रोडवर ट्रकखाली गेलेल्या
एका खारीचे.
तिला पुरलं. शेपूट ठेवलं.
अजून आहे डबीत, कापरासोबत.

परभणीचे डॉक्टर बाहेती रविवारी येलदरीला गळ टाकतात.
एकदा काचेवर पाकीट ठेवलं त्यांनी,
परदेशी झिरमिळ्या: पोपटी, जांभळी, आगीसारखी एक.
"शकूरभाई, आता ह्याची बांधा.
केसाबिसाचा जमाना गेला."
मला तर ती गुटख्याच्या पुडीची
चुलत बहीण वाटली,
शिकून आलेली.

लोणच्याच्या बरणीत पाणी भरून मी दोन्ही सोडून बघितलं.
केस आधी दमला, चिकटला, मेल्यागत झाला,
मग कुठून तरी त्यात जीव आला,
हात न लावता हलायला लागला.
झिरमिळी कोरडी होती तेव्हा जेवढी चमकली
तेवढीच ओली चमकली.
तिला पाणी कळलंच नाही.

तरी दोन तारा घेतल्या तिच्या.
खारीच्या केसांत, अगदी आत,
बोलताना कुणाची सोन्याची दाढ
दिसून जाते तशा.
लिंबाजी भोई काचेला नाक लावून म्हणाला,
"येका माशाला फसवायला येवढं कामून करायलाव?
जाळं टाका की."

भादव्यात डॉक्टर मलाही घेऊन गेले.
बेशरमाच्या झुडपांखाली पाणी एका जागी
लाल होऊन उकळत होतं.
पिलं. मरळीची. काडीपेटीच्या गुलाएवढी,
शेकडो, एकमेकांवर.
"त्यांच्यावरून ओढायची," डॉक्टर कुजबुजले, "घेतेच."
आणि घेतली.
पाणी फाटलं, दांडी वाकली,
दोन किलोचा अंधार काठावर आला.
तोंडाच्या कोपऱ्यात माझी माशी,
खार, बोकड, सोन्याची दाढ, सगळं शाबूत.

मी फुगलोच होतो.
तेवढ्यात लिंबाजी होडीतून बोलला,
माझ्याकडे न बघता:
"खायाला नव्हती आली ती.
हाकलायाला आली होती.
चिंधी बांदली असती तरी आली असती."

पाण्यावरचा लाल डाग
तोवर सुटा व्हायला लागला होता.
कडेनं चिलापी जमत होत्या, घाई नसल्यासारख्या.
ती आई की बाप, माशांत मला कळत नाही.
कल्ले उघडत होते, मिटत होते,
चावी संपत आलेल्या घड्याळासारखे.

डॉक्टर फोटोसाठी मोबाईल काढत होते.
मी चिमट्यानं गळ काढला.
हात घसरला, म्हणालो.
जिंतूर येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.
मीही नाही.

पुढच्या महिन्यात आले मात्र.
म्हणाले, तसल्याच सहा बांधा, चमक वाढवा.
वाढवली. पैसे घेतले.
केस तेच, मेण तेच, रेशमाचे फेरे तेवढेच.
फक्त गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो,
आत गेलेलं बाहेर येऊ न देणारा,
तो मी पक्कडीनं दाबून टाकतो.
त्यांना दिसत नाही.
भिंग माझ्याकडे आहे.