खडा नाही

रिपोर्टात लिहून आलं : खडा नाही.
पित्ताची पिशवी तट्ट, भिंत सुजलेली,
पण खडा नाही.
सर्जरीच्या नव्या डॉक्टरने दोनदा फोन केला,
नीट पाहिलं ना?

मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे आलं ते फक्त पाच मिली,
सिरिंजमधलं हिरवंकाळं.
त्याच्या वासाला बावीस वर्षांत
मला शब्द सापडलेला नाही.
लेबल : जानका वलथरे, वय बावन्न, खाट सतरा.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
कूलरच्या ताट्या कोरड्या ठाक.
इन्क्युबेटरमध्ये सदतीस :
इमारतीतली सगळ्यात गार जागा
मी जंतूंना दिलेली.

वाटलं, नेहमीचाच असेल,
न विचारता ओट्यावर येऊन बसणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
सकाळी ताटली उघडली तर
लाल आगरावर राखाडी ठिपके
आणि प्रत्येकाभोवती एक स्वच्छ कडं,
तेवढं रक्त खाऊन झालेलं.
पट्टीवर घासला. पट्टी जांभळी.

एरोमोनास.
तळ्यातला, डबक्यातला, माशाच्या अंगावरचा.
पित्ताशयाच्या धड्यात
त्याला एका ओळीची जागा.

मग मी माझं नसलेलं काम केलं,
जिने उतरून खाट सतरा शोधली.
मावशी, तलावाच्या पाण्यात हात असतो का?
डोळे पिवळ्या मारबतीसारखे, तरी हसल्या.
"धिवराची पोर हाव मी, भाऊ.
मंगळवारी बाजारात मरळ कापतो.
बादलीतलं पानी, त्यातच सुरी, त्यातच हात,
त्याच हातानं भाकर."
मग जरा थांबून,
"डॉक्टर म्हने खडा नाही.
मी म्हनलं, कसा असन?
नवरा मेला त्या साली सासरच्यायनं मलेच
खड्यावानी निवडून फेकलं."

मी सलाईनची बाटली बघत राहिलो.
ती बरी चालली होती.

वर येऊन चकत्या मोजल्या :
अँपिसिलिनच्या अंगाला भिडून दाट उगवण,
सिप्रोभोवती मोकळं रान.
फोन लावला. नव्या डॉक्टरने स्पेलिंग विचारलं,
एकेक अक्षर सांगितलं.

तिसऱ्या मंगळवारी बाजारात गेलो.
तिच्या पाटावर तिची पोरगी.
आई?
"घरी हाय. भाकर खाते आता."
बादली तिने नालीत उपडी केली,
नळाखाली धरली,
भरेपर्यंत दोघंही गप्प.
मग सुरी उचलून म्हणाली,
डोकं ठेवू का, भाऊ?