दहापैकी किती

ग्रेट फॉल्सच्या दवाखान्यात भिंतीवर चेहरे लावलेत,
पहिला हसरा, शेवटचा रडका.
ऑर्विलला त्यातला एकही जमत नाही.
एकवीस वर्षं हेलिकॉप्टरच्या दारात गुडघे टेकून
त्याच्या पाठीचे मणके झिजले,
चेहऱ्याची इस्त्री मात्र मोडली नाही.

"सात," तो सांगतो.
नऊ आहे, मला माहीत आहे.
ठणक वेगळी, सणक वेगळी, उसण वेगळी,
माझ्या कानांना त्याच्या श्वासावरून कळतं.

गोळ्यांच्या दिवसांत बाटली मी पिठाच्या डब्यात पुरायचे.
एका रात्री दिवा लावला तर
हा ओट्याशी उभा,
कोपरांपर्यंत पांढरा.
आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली.
बोललो नाही.

आता लिनेट त्याच्या कानात सोन्याची सुई टोचते,
तांदळाच्या कणीएवढी,
आणि म्हणते, "जा, चालून या."
तो पाण्याच्या यंत्रापर्यंत जातो, परत येतो.
"किती?"
"सात."
दुसरी सुई. पुन्हा पाण्याचं यंत्र.
"किती?"
"सहा. पण ते मला हसू येतंय म्हणून."
"चालेल," लिनेट म्हणते, आणि तेच लिहून घेते.

गुरुवारी कोमट पाण्याचा तलाव.
आठ म्हातारे शिपाई हनुवटीपर्यंत बुडून
पोटाने श्वास घ्यायला शिकतात,
मधूनमधून शिव्या देत.
बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ.

चौथ्या दिवशी चादर झटकताना
सुई माझ्या तळव्याला टोचली.
"पडली की तिचं काम झालं," तो म्हणाला,
आणि न विचारताच, "पाच."

सातातून पाच गेले, दोन उरले.
कागदावर दोन म्हणजे काहीच नाही.
पण काल तो जेवण संपेपर्यंत टेबलाशी बसला,
वाटाणे थंड झाले तरी उठला नाही,
आणि नातीच्या बुटाची नाडी
खाली वाकून,
दोनदा चुकून,
त्यानेच बांधली.

रात्री अडीचला अंथरुणाची त्याची बाजू रिकामी.
मी कान देते. डब्याचं झाकण वाजत नाही.
मोज्यांची पावलं सिंकपर्यंत जातात, परत येतात,
थांबतात.
अंधारात तो स्वतःलाच विचारतो,
"किती?"

"अजून एक फेरी मार," मी म्हणते,
आणि रजई त्याच्या बाजूने उघडी ठेवते.