ठोक्याच्या मागे

एकशे बावन्न ठोके मिनिटाला
आणि ऊर्यो नाचत नाही.
डिझेलच्या डब्यावर बसलाय,
करवतीने खाल्लेला डावा कान स्पीकरकडे,
उजवा पाइनच्या खोडाला टेकवून.

ठोका सोड, म्हणतो,
तो काय, बहिऱ्यालाही कळतो.
मागे जा. रातकिडे, पत्रा,
कुणाचं तरी उलटं हसू,
त्याच्याही मागे

कुर्र. लाकडावर लोखंड. एकदाच.

ही वेइक्कोची होडी, म्हणतो.
वल्ह्याच्या कडीला तेल मीच घालायचो.
हिवाळ्यात विकायच्या आधी
तुओवीने घेतली असणार टिपून
बापाची ही एवढी कुरकुर.

जूनमध्ये इथे रात्र पडतच नाही.
तळ्यावर डास, तीनशे जण चिखल तुडवतायत,
मिक्सरमागे तुओवी, मान खाली.

ऊर्यो बोट वर धरून बसलाय:
आता परत. आता.