आधी सायकलवाट

पहाटेचे चार. उणे एकवीस.
माझ्या गाडीच्या तोंडाला जे पोलादी पातं आहे
त्याला नांगर म्हणायचं,
पण पेरायचं काही नसतं.
नुसतं बाजूला सारत जायचं.

आधी सायकलवाट, मग मोठा रस्ता:
कोइवुरांताच्या नगरपालिकेनं ठरवलेला क्रम,
सात विरुद्ध सहा मतांनी.
त्या मतमोजणीचा राग
लोक अजून माझ्यावर काढतात.
एन्सिओ लाप्पालाइनेन यांनी तर पत्रच धाडलं,
दोन पानी, टाइप केलेलं:
'गाडीचा कर मी भरतो,
आणि माझ्या फाटकाशी नांगर उगवतो नऊ वाजता.
पोराटोरांना सायकली फिरवायच्या म्हणून
म्हाताऱ्यानं काय घरात कुजावं?'
साहेबानं ते कॉफीच्या यंत्रावर चिकटवलं.
सगळे हसले. मीही.
पण तो 'कुजावं'
काही केल्या कॉफीबरोबर खाली उतरेना.

परतीच्या फेरीला मी माग वाचते.
पहिली रेघ बेकरीवाल्याची, रुंद, घाईची.
मग मारितची: रात्रपाळी आटोपून
दवाखान्यातून येते ती,
चढावर जरा नागमोडी होते तिची रेघ.
मग शाळेच्या बाजूला इतक्या रेघा
की बर्फाचा कुणी भांग पाडतंय आणि जमत नाहीये.
मधेच एक पसरट खळगा.
ओन्नी आज पुन्हा पडला वाटतं.
खळग्यापुढे रेघ चालू आहे,
म्हणजे ठीक.

गेल्या मंगळवारी निराळंच काही दिसलं.
दोन बारीक समांतर पट्ट्या,
आणि मधोमध एकाच बुटाचे ठसे,
लांब लांब फेकलेले.
घसरखुर्ची!
खुर्चीखाली दोन पोलादी धावा,
एक पाय धावेवर, दुसऱ्यानं भुई मागे लोटायची.
हल्ली दुकानांच्या दारात
तिच्यावर शोभेच्या कुंड्या ठेवतात.

बसथांब्यावर ती खांबाला टेकून उभी होती,
कुलूप नाही, काही नाही.
माग उलटा धरत गेले,
पोचले एका हिरव्या फाटकाशी.
पाटी वाचायची गरज नव्हती.
अंगणात गाडी, टपावर हातभर बर्फ,
बर्फावर चिमणीची पावलं.
बॅटरी गेली, की डोळे गेले,
की लायसन्स गेलं, की नुसताच कंटाळा आला:
मागावरून एवढं कळत नाही.

तेव्हापासून त्या तीनशे मीटरवर
खडी टाकायचं बटण मी बंद ठेवते.
म्हणजे सगळीकडे नाही,
उजव्या कडेला, हातभर रुंद.
खडीवर धावा करकरतात, अडतात.
नियमात बसत नाही हे.
नियम करणाऱ्यांपैकी कुणी
घसरखुर्चीवरून नियम करायला आलं नव्हतं.

काल कार्यालयात दुसरं पत्र आलं.
या वेळी एकच पान, हातानं लिहिलेलं,
अक्षर थंडीनं आखडलेलं:
'बसथांब्यावर घसरखुर्ची अडकवायला
साधा एक आकडा नाही.
सात दहाची बस कधी सात तेराला येते.
आणि मारित नावाची बाई रोज घंटी वाजवून
मला ओलांडून जाते, तीही चढावर!
नगरपालिका झोपली आहे काय?'

साहेब चिकटपट्टी शोधायला लागला.
मी पत्र त्याच्या हातातून घेतलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
आकडा शुक्रवारपर्यंत बसेल.
आणि नाही,
चारला उठते.